पार्बताबाईंची ओळ

अकोल्याच्या जुन्या शहरात, किल्ल्याकडून मोर्णा नदीच्या अंगाला उतरणाऱ्या एका बोळीत डोमाजींचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. मी जवळच्या शाळेत ग्रंथपाल होते. दर उन्हाळ्यात शाळेची फाटकी पुस्तकं पोत्यांत भरून ऑटोनं त्यांच्याकडे पोचवायची आणि जूनमध्ये धडधाकट होऊन आलेली परत न्यायची, हे सत्तावीस वर्षं चाललं. डोमाजी आणि त्यांची बायको पार्बताबाई या दोघांना मी जितकं पाहिलं, तितकं माझ्या नात्यातल्या माणसांनाही पाहिलं नसेल.

कामाची वाटणी ठरलेली होती. पुठ्ठा कापणं, कापड चढवणं, कडा छाटणं डोमाजींचं. शिवण पार्बताबाईंची. पुस्तक उसवलं की त्याच्या सोळा-सोळा पानांच्या घड्या सुट्या होतात. त्यांना फर्मे म्हणतात. ते एकावर एक रचायचे, मधल्या घडीतून सुई घालायची आणि एकेक शिवत जायचं. दोरा त्या दातानं तोडायच्या. त्यांचा हात चालू असताना डोमाजी वाचत असायचे. खळ वाळेपर्यंत त्यांना दुसरं काम नसायचं, म्हणून समोर असेल ते पुस्तक मोठ्यानं वाचायचे. कापसावरच्या किडीची माहिती, कुठल्या तरी राजाचा इतिहास, कादंबऱ्या, वकिलांकडून आलेले जाडजूड कायदे. समोरच्या ओमप्रकाशच्या आईनं आपली जुनी पोथी बांधायला दिली, तेव्हा त्यांनी आधी हात धुतले, मग ती उघडली, आणि तीही वाचली.

दोघं ख्रिस्ती होते. सकाळी दुकान उघडायच्या आधी रोज शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन व्हायचं. मी कधी लवकर गेले तर बोळीतूनच डोमाजींचा आवाज ऐकू यायचा. फार गोड नव्हता, जरा घोगराच होता, पण ते शब्दाला घाई करत नसत. मी उंबऱ्यातच थांबायची. पार्बताबाई पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून बसलेल्या असायच्या.

एकदा मी त्यांना सहज विचारलं, "इतकी पुस्तकं हाताखालून जातात, तुम्हाला कुठलं आवडलं?"

त्या हसल्या. "मले कुठी वाचता येते मॅडम? मी तं निस्तं शिवतो."

मला तोवर हे माहीतच नव्हतं. त्यांना आकडे यायचे. फर्म्यांच्या पानांवर छापलेले आकडे पाहून त्या क्रम लावायच्या, आणि अक्षरांवरची रेघ वर आहे की खाली यावरून पान उलटं की सुलटं ते ओळखायच्या. तेवढ्यावर त्यांनी हजारो पुस्तकं शिवली होती. एकही चुकलं नव्हतं.

पार्बताबाई मूळच्या नांदगाव खंडेश्वरच्या. वडील भाजीपाला आणि झेंडू पिकवायचे. त्यांची वाडी शाळेला लागून होती. डोमाजी तेव्हा पंचविशीतले, अमरावतीच्या एका बाइंडरकडे कामाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या शाळेची पुस्तकं बांधायला दोन महिने तिथे येऊन राहिले. व्हरांड्यात बसून काम करायचे आणि काम करता करता वाचायचे. वाडीत वांगी तोडणारी वीस वर्षांची मुलगी कुंपणापलीकडून ऐकायची. एक दिवस ती म्हणाली, "काल जिथं थांबले होते, तिथून पुढं वाचा ना." असं ते सुरू झालं.

लग्न अमरावतीत झालं. मुलीकडचं कुणी आलं नाही. त्या नंतर एकदा घरी जाऊन आल्या, तेव्हा वडील दारातच उभे राहिले. म्हणाले, "आजपासून हे दार तुले लागलं." आणि खरंच लावून घेतलं. आतून आईच्या बांगड्या वाजल्या, पण ती बाहेर आली नाही.

दोघं अकोल्याला डोमाजींच्या आईकडे येऊन राहिली. दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवसापासून बोळीत पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली. कुणाचा भाऊ एसटीनं आला, कुणाचा सायकलवर. पार्बताबाईंना एकच भाऊ, खुशालराव. तो येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी त्या सकाळपासून दाराशी बसून होत्या. संध्याकाळी त्या आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. दुसरा दिवस तसाच गेला. जेवल्या नाहीत, बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी शास्त्र घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी ते मांडीवर उघडलं, बराच वेळ पानाकडे पाहत राहिले, आणि मग वाचलं:

"जिच्यामागे दार लागले, तिच्यासाठी मी चूल विझू दिली नाही, असे परमेश्वर म्हणतो."

पार्बताबाई उठून बसल्या. "हे लिवलं हाय त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"हो," डोमाजी म्हणाले.

"पुन्यांदा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. त्या उठल्या, तोंड धुतलं आणि भाकरी थापायला बसल्या.

हे सगळं त्यांनी मला फार पुढे सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या सकाळपर्यंत देव हा चंदाच्या बापाचा होता. नवऱ्याचं नाव त्या कधी घेत नसत; मुलगी चंदा झाल्यापासून 'चंदाचा बाप' म्हणायच्या. त्या सकाळी तो देव त्यांचा झाला. कारण लागलेलं दार त्याला माहीत होतं. दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कुणी आग्रह केला नव्हता. सासूनं तर विचारलंसुद्धा नव्हतं. आई गेल्याचं त्यांना महिन्यानं कळलं, वडील गेल्याचं वर्षानं. दोन्ही वेळा त्यांनी ती ओळ मनात म्हटली. माहेरची वाट त्यांनी पुन्हा धरली नाही. वर कुणी तरी चूल राखून बसलंय, एवढ्यावर त्या जगत होत्या.

दोन हजार सतराच्या मार्चमध्ये डोमाजी गेले. सकाळी छातीत दुखायला लागलं, दुपारी सगळं संपलं होतं. चंदा अमरावतीला एका दवाखान्यात नर्स आहे. ती येऊन महिनाभर राहिली. आईला घेऊन जायचा तिनं पुष्कळ आग्रह केला, पण पार्बताबाई दुकान सोडून जायला तयार नव्हत्या. दुकान तर बंदच होतं.

मी तोवर निवृत्त झाले होते. मे महिन्यात एका सकाळी त्या माझ्या घरी आल्या. हातातल्या पिशवीत शास्त्र होतं, काळ्या कापडात बांधलेलं. हे शास्त्र त्यांनी स्वतः दोनदा शिवलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं.

"मॅडम, मले वाचाले शिकवा."

मी म्हणाले, "चंदाची करिश्मा येते ना सुट्टीत? ती वाचून दाखवेल की." करिश्मा म्हणजे त्यांची नात. तेव्हा नववीत होती.

"वाचते ते. मोबाइलसारखी भरभर वाचते. मले एक ओळ पाह्यजे." आणि त्यांनी मला ती ओळ सांगितली, भाऊबीजेची गोष्ट सांगितली. "चंदाच्या बापानं ते पुन्हा कधी वाचली नाई. मी म्हनलं तं म्हनायचे, पाहू कधी. आता पाहनारा गेला. मले ते ओळ डोळ्यानं पाहाची हाय."

मी त्यांच्या धर्माची नाही, त्यामुळे शास्त्र मला फारसं माहीत नव्हतं. पण पुस्तकांत आयुष्य गेलं होतं. ओळ ऐकताच मला वाटलं, जुन्या भाषांतरात 'चूल' असा शब्द असेल का? मी कपाटातून पाटी काढली.

त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. रोज दहाला यायच्या, साडेअकराला जायच्या. आकडे येत असल्यानं पाटी नवी नव्हती. अक्षरं त्यांना चेहऱ्यांसारखी ओळखीची होती, फक्त नावं माहीत नव्हती. 'हा होय का म!' असं त्या एखाद्या शेजाऱ्याची ओळख पटावी तसं म्हणायच्या. जोडाक्षरांनी फार छळलं. 'ख्रिस्त' हा शब्द त्यांना पहिल्यांदा नीट वाचता आला, तेव्हा त्या बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसल्या. "इतकं अवघड लिवतेत?" त्या म्हणाल्या. "म्हनाले तं सोपं हाय."

दिवाळीपर्यंत त्या बोट फिरवत, अडखळत, पण वाचू लागल्या. मग शोध सुरू झाला.

पहिल्यांदा त्यांनी मधोमध उघडलं. त्या दिवशी डोमाजींच्या मांडीवर पुस्तक अर्ध्याच्या जरा पुढे उघडलेलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पानांची जाडी त्यांचा हात विसरत नाही. त्या भागात संदेष्ट्यांची वचनं आहेत. तीन महिने त्या तिथेच होत्या. ओळ सापडली नाही.

करिश्मा सुट्टीत आली तेव्हा तिनं मोबाइलवर शोधलं. चूल टाकून पाहिलं, दार टाकून पाहिलं. "आजी, अशी ओळच नाहीये," ती म्हणाली.

"मोबाइलात नवीन शास्त्र असन. आपलं जुनं हाय."

त्यांचं उत्तर मला खोटं वाटलं नाही. भाषांतरं बदलतातच. पण करिश्मा गेल्यावर पार्बताबाईंच्या मनात दुसरंच काही आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच त्या माझ्या दारात उभ्या. चेहरा उतरलेला.

"मॅडम, मी हे दोन बारी शिवलं. शिवता शिवता माह्या हातून पान गेलं असन तं?"

मी म्हटलं, तुमच्या हातून पान कसं जाईल? त्यांनी ऐकलं नाही. आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि पहिल्या पानापासून आकडे तपासत गेलो. बाराशेच्या वर पानं होती. त्या आकडा म्हणायच्या, मी मान हलवायची. दुपार टळून गेली. शेवटच्या पानापर्यंत एकही आकडा सुटलेला नव्हता. त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्याच्या पाठीवरून, स्वतःच घातलेल्या टाक्यांवरून हात फिरवला.

"मंग हाय याच्यातच," त्या म्हणाल्या. "मी पह्यल्यापासून वाचतो."

याला साडेतीन वर्षं लागली. रोज एक पान, कधी अर्धं. जग निर्माण झालं तिथून. वंशावळींची नावंसुद्धा त्यांनी सोडली नाहीत. त्यांना भीती होती की नेमकी तिथेच कुठे ओळ लपलेली असेल. आठवड्यातून एकदा त्या यायच्या आणि वाचलेलं सांगायच्या. नवरा मेल्यावर सासूच्या मागे परक्या मुलखात निघून गेलेली सून त्यांना सापडली, तेव्हा त्यांनी ती गोष्ट मला दोनदा सांगितली. "तिचंबी माहेर सुटलं," म्हणाल्या. देवाशी भांडणारा, राखेत बसलेला माणूस त्यांना फार आवडला. "चंदाच्या बापानं हे मले काहून नाई वाचून दाखवलं? त्याईले वाटलं असन, मी घाबरीन." स्तोत्रांपाशी त्या पाच महिने रेंगाळल्या. लॉकडाउनमध्ये चंदानं त्यांना अमरावतीला नेलं. चर्च बंद, करिश्माचे क्लास बंद, चंदा रोज दवाखान्यात. करिश्मा एका कोपऱ्यात तिची पुस्तकं घेऊन बसायची, आजी दुसऱ्या कोपऱ्यात. संध्याकाळी चंदा धास्तावलेली घरी यायची, तेव्हा त्या दिवसभरात वाचलेल्यातलं तिला काही वाचून दाखवायच्या. चंदा मला फोनवर म्हणाली, "मॅडम, आई वाचून राहिली, हे आयकून मले रडू येते. बाबा असाले पाह्यजे होते."

पण सगळ्या वाचनात त्यांची नजर त्या एका ओळीला धुंडत होती. पान संपलं, ओळ नाही. दुसरं पान.

दोन हजार एकवीसच्या जुलैत त्या अकोल्याला परतल्या. दोन आठवड्यांनी शेवटचं पान आलं. ते वाचायला त्या मुद्दाम माझ्याकडे आल्या. मला वाटलं, पुस्तक संपण्याचा आनंद आहे. मी चहा ठेवला. त्या पडवीत बसून पुटपुटत वाचत होत्या. एकाएकी आवाज थांबला.

मी बाहेर आले. त्यांचं बोट एका ओळीवर होतं.

"हे वाचा तुमी."

शास्त्राच्या अगदी शेवटी एक ताकीद आहे. या वचनांत जो कुणी आपल्या पदरची भर घालील, त्याच्यावर देव लिहिलेल्या पीडा आणील, अशा अर्थाची. मी ती वाचली. त्यांनी ती बरोबरच वाचली होती.

"पुस्तक संपलं," त्या म्हणाल्या. "ते ओळ कुठीच नाई. त्याईनं घातली. माह्यासाठी घातली अन् देवाचं नाव घेतलं." मग फार हळू म्हणाल्या, "आता त्याईचं काय होईन मॅडम?"

चार वर्षं नवऱ्याचा आवाज शोधत शोधत ही बाई इथवर आली होती आणि शेवटच्या पानावर तिला त्याच्यासाठी शिक्षा लिहिलेली सापडली होती. चहा तसाच राहिला.

त्यांच्या चर्चचे पाळक अंकुर तायडे तरुण आहेत, अकोल्यात येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. पार्बताबाईंनी मला सोबत नेलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी समजावायला सुरुवात केली, की ती ताकीद त्या शेवटच्या भागापुरती आहे, लिहिणाऱ्यांच्या काळात नक्कल करणारे लोक मजकूर बदलत असत. पार्बताबाई ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. पाळकांच्याही ते लक्षात आलं. ते थांबले.

"मावशी, काकांनी ही ओळ आणखी कुणाला वाचून दाखवली होती?"

"नाई. मलेच. अन् तेबी एकच दिवस."

"तुम्ही किती वेळा विचारलं, तरी पुन्हा वाचली नाही?"

"नाई."

"म्हणजे त्यांनाही भीती होती." "मावशी, मी असतो तर मला असं करायचं धाडस झालं नसतं. मी तुम्हाला दुसरं एखादं वचन वाचून दाखवलं असतं, बरोबर, लिहिलेलं. आणि तुम्ही कदाचित भिंतीकडे तोंड करूनच राहिला असता. ते योग्य होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. देवाला विचारा. तुम्हाला आता वाचता येतं, म्हणजे विचारताही येईल."

परत येताना मोर्णेच्या पुलावर त्या थांबल्या. नदीत जलपर्णी माजली होती. त्या मला म्हणाल्या, "त्या भाऊबीजेपासून तीन वर्सं सकायची चूल मी पेटवलीच नाई. मी उठाच्या आंधी त्याईनं पेटवलेली राहे. सासू बोलत होती, बाईमानसाचं काम करते म्हनून. मले वाटे, त्याईले लवकर जाग येते." आम्ही चालू लागलो.

त्यानंतर काही आठवडे त्यांनी शास्त्र उघडलं नाही. प्रार्थना करत होत्या, असं ओमप्रकाशची आई म्हणाली. बोळीपलीकडे ऐकू यायचं, कुणाशी तरी वाद घालत असल्यासारखं. मग एक दिवस त्या म्हणाल्या, "मॅडम, मले नांदगावले जाचं हाय."

"आत्ता? चाळीस वर्षांनी?"

"वरतं चूल हाय म्हनून मी गेलीच नाई. आता त्या घरात काय हाय ते पाहून येतो."

आम्ही सकाळच्या एसटीनं अमरावतीला गेलो, तिथून नांदगाव खंडेश्वर. स्टँडवर उतरल्यावर त्यांना काही ओळखू येईना. शाळा मात्र होती, आणि शाळेला लागून वाडीही होती, अर्धी. उरलेल्या अर्ध्यात घरं झाली होती. खुशालराव ओट्यावर बसून झेंडूची फुलं टोपलीत निवडत होते. सत्तरीचे असतील. त्यांनी वर पाहिलं. ओळखलं की नाही, कळेना.

"मी पार्बता," त्या म्हणाल्या.

ते उठले. हातातली फुलं तशीच होती. "ये," एवढंच म्हणाले. दार उघडंच होतं.

त्यांची बायको रुख्मिणी, हिनं नणंदेला कधी पाहिलंच नव्हतं. पार्बताबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी ती लग्न होऊन आली होती. तिनं पाणी दिलं, चहा केला, आणि एकटीच बोलत राहिली. मुलगा किशोर अमरावतीला असतो, यंदा झेंडूला भाव नाही, गुडघे दुखतात. भावंडं एकमेकांच्या मागच्या भिंतीकडे पाहत होती.

शेवटी पार्बताबाईंनी विचारलं, "दादा, बाबा गेले तवा तू जवळ होता?"

"होतो."

"काई बोलले का? माह्याबद्दल?"

खुशालरावांनी रुख्मिणीबाईंकडे पाहिलं, मग अंगणात. "नाई व," ते म्हणाले. "तुवं नाव त्यानं नाई घेतलं. मायनं घेतलं होतं..." आणि मग मान हलवून म्हणाले, "खोटं काहून सांगू. मायनंबी नाई घेतलं. मले तं आठवत नाई. या घरात तुवं नाव कोनी घेतच नव्हतं."

"अन् तू?"

"मी भाऊबीजेले एक बारी अमरावतीच्या स्टँडवर गेलतो. अकोल्याची गाडी लागली होती. बसलो नाई."

"कोनत्या वर्सी?"

"आता काय आठवते पार्बता."

निघताना रुख्मिणीबाईंनी पिशवीत वांगी आणि मेथी भरून दिली, "येत जा बाई," म्हणाल्या. खुशालराव स्टँडपर्यंत आले, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. हात वर केला नाही, पण गेलेही नाहीत.

बडनेरा मागे पडल्यावर पार्बताबाई म्हणाल्या, "दादा खरं बोलला. बरं केलं." आणखी थोड्या वेळानं, "चंदाच्या बापाले असं खरं बोलता आलं नसतं. त्याईनं काई तरी रचलं असतं." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

त्या दिवाळीला खुशालराव आले नाहीत. भाऊबीजेला रुख्मिणीबाईंचा फोन आला, दोन मिनिटं बोलल्या, आणि मागे कुणाचा तरी खोकण्याचा आवाज होता. पार्बताबाई मला म्हणाल्या, तो दादाच असेल. पुढच्या वर्षीही फोनच आला.

आता गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेला वाचायचं काम पाळकांनी त्यांच्याकडे दिलंय. त्या हळू वाचतात, शब्दाला घाई करत नाहीत. कुणाचा मुलगा दूर गेलेला असतो, कुणाचं दुखणं हटत नसतं, आणि वाचता वाचता त्यांना काही सुचतं. तेव्हा त्या ओळीवरचं बोट उचलतात, पुस्तक मिटतात आणि मगच बोलतात. "हे माहं हाय हो, लिवलेलं नाई," असं बायकांना स्पष्ट सांगतात. नवऱ्याला शिक्षा होईल का, हे त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही. मला एकदा एवढंच म्हणाल्या, की रोज त्या देवाला सांगतात: ती ओळ ऐकून मीच तुझ्या दारात आले, तर आता तिचं काय करायचं ते तू पाहा.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. दुकानाच्या खोलीत ऊन आलं होतं. त्या शास्त्र उघडून बसल्या होत्या, आणि पान पाहिलं तर पहिल्या भागातलं.

"पुन्हा सुरुवातीपासून?" मी विचारलं.

"पह्यल्या बारीत मी वाचलंच कुठी? त्याईची ओळ शोधत होती. देव काय म्हनून राहिला तिकडं ध्यानच नव्हतं. आता पाह्यतो काय लिवलं हाय ते."

"मग? दिसतंय काही?"

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला. "दिसते. लय दिसते. आवाजाचं मातर तसंच हाय मॅडम. मनात वाचतो तं चंदाच्या बापाचाच आवाज येते. माह्या आवाजात देव अजून मले काई बोलला नाई." आणि चष्मा लावून त्या पुढची ओळ वाचू लागल्या, ओठ न हलवता.